पडण्याचं प्रमाण शून्य

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही कशाला एवढे चिडता हो? तुमची आई आहे का ती?" नाही! नाही माझी आई! माझी आई नाही, मावशी नाही, लांबची आत्यासुद्धा नाही, कुणी कुणी नाही! माझ्या शेजारच्या दुकानदाराची आई आहे. म्हणून काय झालं? चिडायला नातं लागतं का? उलट तुम्हाला सांगतो, ज्याची आई असते ना त्याला चिडायला सवडच नसते. तो बिचारा फेऱ्या मारण्यात, सह्या करण्यात, 'थँक्यू मॅडम, थँक्यू मॅडम' करण्यात बुडालेला असतो. मग त्याच्या वाटचं चिडायचं काम येतं शेजाऱ्यावर. ते मी करतोय. फुकट करतोय. आणि त्या दारावर ते पाच तारे जोवर चमकतायत तोवर करणार!

तारे पाच हो, पाच! चार नाही, साडेचार नाही. पाच!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस अकलेचे तारे तोडतोय. तोडत नाहीये. तोडता आले असते तर सगळ्यात आधी त्या दारावरचेच तोडले असते!

तर माझी लाँड्री, आणि शेजारी त्याचं चष्म्याचं दुकान. मधे एक भिंत, तीही इतकी पातळ, की पलीकडे गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचायला लागलं आणि मधेच अडलं, तर इकडे माझा इस्त्रीवाला पुढचं अक्षर म्हणून मोकळा होतो. आता हा चष्मेवाला. माणूस सोन्यासारखा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एक खोड. तारे! काही घ्यायचं म्हटलं की आधी मोबाइल काढणार, त्याला लोकांनी किती तारे दिलेत ते बघणार, मग खालचे अभिप्राय वाचणार, मग तुलना करणार. छत्री घ्यायची, तारे. पायपुसणं घ्यायचं, तारे. एकदा दाढ दुखून गाल हा एवढा सुजलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हा काउंटरला टेकून म्हणतो, "लाँड्री, थांब जरा, वरच्या चौकातल्या डेंटिस्टला जास्त तारे दिसतायत." अरे, दाढ तुझी, ठणका तुझा, तारे कुणाचे बघतोस? पण नाही! वरच्या चौकातला त्या दिवशी बंद होता, म्हणून दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच बसला गाल धरून. हसू नका. हसण्यासारखं एवढंच होतं. पुढचं ऐका.

याची आई. तिला मी मावशी म्हणतो, सगळी गल्लीच मावशी म्हणते. ही बाई जन्मभर वीज कंपनीत मीटर वाचायची. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, पायात कापडी बूट, आणि ही घरं, ते जिने, ती तळघरं, सगळं पायी. लिफ्ट असली तरी पायी, कारण मीटरची पेटी कायम जिन्याखाली. गावातलं कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं चावतं हे तिला तोंडपाठ! रिटायर झाली तरी सकाळचं चालणं सुटलं नाही. माझ्या दुकानावरून जाताना काचेवर टकटक. "लाँड्री, त्या शर्टाची कॉलर पिवळीच राहिली रे!" नाव नाही, गाव नाही, रामराम नाही, थेट कॉलर! आणि माझं वर बघून होईपर्यंत बाई कोपऱ्यावर.

मग विसरायला लागली. थोडंथोडं. गॅस चालू ठेवला. परत ठेवला. एक दिवस शेगडीजवळचं फडकं पेटलं, ओट्यावरची फळी काळी झाली, वरचे शेजारी धावले म्हणून निभावलं. हा दुकानात, वहिनी नोकरीवर, घरी दिवसभर कुणी नाही. तेव्हा मावशीनंच विषय काढला, तुम्हाला सांगतो. स्वतः! म्हणाली, "मला कुठंतरी नेऊन ठेव. तुमचा जीव टांगणीला नको आणि माझा जळायला नको. फक्त असं बघ की मला चालता येईल. बाकी माझं काही म्हणणं नाही."

बास. एवढंच मागितलं त्या बाईनं. चालता आलं पाहिजे.

आता होम शोधायचं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही हं, केअर होम म्हणायचं. जवळपास दोन. एक आमच्या मागच्याच रस्त्याला. रंग उडालेला, फाटक कुरकुरतं, चालवणारा एक निवृत्त ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर, त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. दुसरं गावाबाहेर, मोठ्या रस्त्यावर, काचेचं. आणि सरकारची एक साइट आहे, त्यावर प्रत्येक होमला तारे! चष्मेवाल्याला काय, स्वर्गच हाताला लागला. भिंतीपलीकडून मला मोठ्यानं वाचून दाखवतोय, "ऐक लाँड्री! पडण्याचं प्रमाण, शून्य! जखमा, शून्य! तक्रारी, शून्य! घंटा वाजवल्यावर मदत, एका मिनिटाच्या आत!" मी म्हटलं, "आणि त्या ड्रायव्हरचं?" तर आवाज खाली गेला याचा, "दोन तारे. पडण्याचं प्रमाण, सरासरीपेक्षा जास्त. अरे, म्हातारी माणसं पाडतात की काय तिथे?"

झालं. ठरलं. पाच तारे!

माझ्या व्हॅनमधूनच नेलं मावशीला. काय ती जागा! दारावर पाच चमकते तारे, दारात माशांची पेटी, आत मंद संगीत, फरशी अशी की पाय टाकायला भीती वाटावी. हवेत फुलांचा वास, फुलं मात्र कुठे नाहीत. आणि मॅडम. तिथल्या मुख्य. बोलणं कसं? मधात बुडवून, वर साखर पेरून! "या आजी, याऽऽ! आपलंच घर समजा हं! आमच्याकडे ना, कुणीही पडत नाही. शून्य!" जसं काही ओल्या छत्रीबरोबर गुरुत्वाकर्षणही दाराबाहेरच्या स्टँडमध्ये ठेवून यायचं! चष्मेवाला नुसता मान डोलावतोय. आणि मावशी? मावशीनं विचारलं, "खोली कुठली?" मॅडमनी बोट दाखवलं, तशी बाई तुरुतुरु पुढं निघाली. मॅडम मागं राहिल्या हो, उंच टाचा वाजवत, "हळू आजी, हळू…" चष्मेवाला मला कोपरानं ढोसून म्हणाला, "बघितलंस? आल्याआल्या रमली."

रमली म्हणे!

थोडे दिवस गेले. हा दर रविवारी जायचा, येऊन सांगायचा, छान आहे, स्वच्छ आहे. मग एकदा आला तो जरा गप्प. म्हटलं काय झालं? तर म्हणाला, "काही नाही रे, आईला खुर्ची दिलीय." आता खुर्ची दिली यात गप्प होण्यासारखं काय? पुढच्या खेपेला मीच गेलो बरोबर. बघतो तर, अहो, खुर्ची म्हणजे काय, मागं कललेली, मऊ, खोल, एकदा आत गेलं की माणूस पिठात चमचा रुतावा तसा रुतणार. पुढं एक ट्रे, तो कट्ट करून बसतो, आतून निघत नाही. आणि बुडाखाली उशी. ती उशी साधी नाही बरं का! जरा वजन उचललं की बोंबलते. कॅँऽऽ कॅँऽऽ! की लगेच टोकावरून कुणीतरी ओरडतं, "बसा आजी, बसा!" सगळा हॉल असल्या खुर्च्यांनी भरलेला, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे, आणि दर थोड्या वेळानं कॅँऽऽ! "बसा आजोबा!" कॅँऽऽ! "बसा म्हटलं ना!" आणि मावशीचे बूट? काढून घेतले. घसरतात म्हणे. पायात लोकरी मोजे घातले.

आता लागला का हिशोब? पडण्याचं प्रमाण शून्य! अहो, असणारच! उठूच दिलं नाही तर पडेल कोण? असं असेल तर माझ्या लाँड्रीत कपडा जळण्याचं प्रमाणसुद्धा शून्य करून दाखवतो मी, इस्त्रीच लावत नाही!

मी बाहेर आल्यावर हे बोललो, तर चष्मेवाला म्हणतो, "सुरक्षेसाठी असतं रे. ते काय वेडे आहेत? उगाच का…"

म्हणा की, उगाच का पाच तारे!

पण त्या माणसाची झोप उडाली होती, मला कळत होतं. त्यानं रविवारची वाट बघणं सोडलं. दुकान मधेच बंद करायचा, पाटी उलटी करायचा, आणि बस पकडून आईकडे. असाच एकदा न सांगता गेला. खोलीच्या दारापर्यंत पोहोचला तर आत मावशी त्याच खुर्चीत, घंटा दाबतेय. बेडजवळ दोरीला बटण असतं, ते. आणि खरं सांगतो, एका मिनिटाच्या आत मदतनीस हजर! साइटवर लिहिलंय तस्सं! याला बरं वाटलं, दारातच थांबला बघत. ती मुलगी आली, भिंतीवरचा लाल दिवा बंद केला, म्हणाली, "आलेच हं आजी," आणि गेली. गेली! मावशीनं परत दाबली. परत आली, दिवा बंद, "आलेच हं." तिसऱ्यांदा दाबली. हा पुढं झाला. त्या मुलीला म्हणाला, "अहो, तिला काहीतरी हवंय." ती पोर घामानं निथळलेली, अख्ख्या मजल्याला एकटी. म्हणाली, "काका, दिवा जास्त वेळ लाल राहिला तर मला बोलणी बसतात." म्हणजे मोजतात काय, तर दिवा किती वेळ जळतो! माणसाला काय हवंय ते कुठं मोजत नाहीत. दिवा विझला की मदत झाली!

आणि मावशीला काय हवं होतं? बाथरूमला जायचं होतं. एवढंच. ट्रे काढा आणि धरून न्या. ती पोर तिच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली… वाईट नव्हती हो ती, हळूच म्हणाली, "आजी, घातलंय ना तुम्हाला? त्यातच करा. मी नंतर बदलते."

मावशीनं मुलाकडे बघितलं.

हे त्यानं मला भिंतीपलीकडून सांगितलं नाही. माझ्या दुकानात येऊन, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून सांगितलं. म्हणाला, "लाँड्री, ती रडली असती ना, तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान फिरवली. मला ते दिसू नये म्हणून." आणि मग चष्मा काढून पुसत बसला. पुसतोय, पुसतोय. चष्मेवाला तो, काच कशी पुसतात त्याला शिकवायला नको, पण माझ्या एका गिऱ्हाइकाचा रेशमी सदरा घेऊन पुसत होता. परत धुतला नंतर.

दुसऱ्या दिवशी गेला मॅडमकडे. तक्रार करायला! मीही गेलो, म्हटलं दोघं असलेले बरे. मॅडमनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं, मान वाकडी करून, डोळे ओले करून. मग म्हणतात, "किती छान सूचना केलीत!" हा म्हणाला, "सूचना नाही मॅडम, तक्रार आहे." "हो हो, सूचनाच!" "तक्रार!" "अहो सर, आमच्याकडे तक्रारी नसतात. शून्य आहेत ना! तुमच्यासारखे सुजाण कुटुंबीय सूचना करतात, आम्ही त्यांचं स्वागत करतो." आणि खरोखर उठून, हात पुढं करून, स्वागत केलं हो! मला सांगा, स्वागत करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? शिवी द्यावी तर तिचंही स्वागत करतील!

तरी याची आशा सुटेना. म्हणाला, "तपासणी असते. सरकारी. अचानक येतात. तेव्हा सगळं उघडं पडेल." अचानक! आता ऐका अचानक म्हणजे काय ते. आदल्या आठवड्यात त्या होमचे झाडून सगळे पडदे माझ्याकडे आले, अर्जंट! पाठोपाठ टेबलांवरची कापडं, मदतनीसांचे ड्रेस. वर चिठ्ठी, कडक इस्त्री करणे. मी भिंतीवर थाप मारली, म्हटलं, "चष्मेवाले, तयार राहा, अचानक जवळ आलंय!"

पडदे पोहोचवायचं निमित्त, आम्ही दोघं तपासणीच्या दिवशीच तिथं. हॉल ओळखू येईना! जिथं एक मदतनीस असायची तिथं ही फौज, निम्मे चेहरे कधी न बघितलेले, एकीला तर बाथरूम कुठंय ते मीच दाखवलं. तपासणीवाले साहेब आले, हातात टॅब, चेहरा सभ्य, माणूस वाईट नसावा. मावशीसमोर बसले. साहेब विचारतात, "आजी, एवढ्यात कधी पडलात का?" मावशी खरं बोलणारी. "नाही." "काही लागलं, खरचटलं?" "नाही." "घंटा वाजवल्यावर लगेच कुणी येतं?" "येतं की. लगेच येतं." टकटक, टकटक, टॅबवर बरोबरच्या खुणा! अहो, प्रत्येक उत्तर खरं, आणि सगळी खरी उत्तरं मिळून ही एवढी मोठी थाप! मग साहेब म्हणाले, "आणखी काही सांगायचंय, आजी?"

मावशी म्हणाली, "मला चालायचंय."

साहेबांनी टॅब वर केला, खाली केला, परत वर केला. चालण्याचा रकानाच नव्हता. पडण्याचा होता, चालण्याचा नव्हता! प्रामाणिकपणे गोंधळले ते, म्हणाले, "हे… हे कशाखाली घालू?" आणि मॅडम, मधात बुडवलेल्या, पुढं वाकून म्हणतात, "करमणुकीखाली घाला ना सर. इच्छा व्यक्त करतायत, म्हणजे बघा, मन किती उत्साही आहे आजींचं!" साहेबांना पटलं. घातलं. आणि तुम्हाला सांगतो, त्याचे गुण मिळाले हो त्यांना! रहिवासी उत्साही म्हणून!

तारे? पाच. कायम!

मग हा हट्टालाच पेटला. म्हणाला, एक दिवस घरी आणतोच तिला. मॅडमनी शंभर अडचणी काढल्या. व्हॅनमध्ये चढवताना दोघा मदतनीसांनी उचलून ठेवली, तेव्हा वाटलं, घाई असेल त्यांना. घराशी आलो, दार सरकवलं, चष्मेवाला हात पुढं करून म्हणाला, "उतर आई." मावशी हसली. किती दिवसांनी हसली. एक पाय बाहेर काढला, जमिनीला टेकवला, दुसरा काढला, आणि उठायला गेली…

पाय उभेच राहिनात.

लटपटले असंसुद्धा नाही. लटपटायलाही काहीतरी लागतं पायात. नुसते होते. तिनं परत जोर केला. आम्ही दोघांनी धरलं, तर अंग आमच्या हातात, आणि पाय खाली असे, दोरीवर वाळत घातल्यासारखे. हा रस्त्यातच खाली बसला. तिचे मोजे काढले. या बाईच्या पोटऱ्या मी बघितल्यात हो, जिना चढताना दगडासारख्या टणक दिसायच्या. आता कातडीत काही उरलंच नव्हतं. हा त्या पोटऱ्या चोळतोय, चोळतोय, येणारे-जाणारे बघतायत, आणि मावशी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "असू दे रे. मुंग्या आल्या असतील."

त्याला नंतर एकच गोष्ट आठवत राहिली. मला म्हणाला, "आम्ही ठेवायला गेलो त्या दिवशी ती माझ्यापुढं चालत होती रे. मी मागं होतो. मला तिला गाठता येत नव्हतं."

परत नाही नेलं तिला तिथं. सामान मी आणलं. मॅडमनी दारापर्यंत येऊन त्याचंही स्वागत केलं.

चष्मेवाला त्याच संध्याकाळी ड्रायव्हरकडे गेला, दोन ताऱ्यांकडे, आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवून. ड्रायव्हर म्हणजे आडदांड, दाढी वाढलेली, आवाज सायरनसारखा. म्हणतो, "आधीच सांगतो, माझ्याकडे माणसं पडतात. मग ओरडायचं नाही." यानं विचारलं, "चालवता का त्यांना?" "न चालवून करतो काय? संडास त्या टोकाला आहे!"

खोली अंधारी. भिंतीला पोपडे. चहा पाणचट, मी प्यायलोय. पण भिंतीला लागून एक लाकडी कठडा, माणसांच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेला. आणि एक मदतनीस बाई, तोंडानं फटकळ. "चला आजी, रडत बसायचं नाही, संडास काय इकडे येणार आहे होय?" पहिले कित्येक दिवस मावशीला दोघांनी नुसतं उभं धरायचं आणि परत बसवायचं. ती ओरडायची, शिव्या द्यायची, आम्हाला ठाऊक नसलेल्या शिव्या! जिन्याखाली ऐकल्या असतील. मग एक पाऊल. मग कठडा धरून दारापर्यंत. हा रोज दुकान मिटून जायचा, कठड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. ती पोहोचली की म्हणायचा, "चला, परत." मग एक दिवस ती कठडा सोडून अंगणात गेली.

आणि एक दिवस फोन आला. पडली.

चष्मेवाला गिऱ्हाइकाच्या नाकावर एकच काच ठेवून पळाला. मी व्हॅन काढली. रस्ताभर हा पांढराफटक, "मीच नेलं रे, मीच नेलं तिथं, लिहिलेलं होतं, सरासरीपेक्षा जास्त, स्वच्छ लिहिलेलं होतं…" आत शिरतो तर मावशी कॉटवर बसलेली, मनगटाला प्लास्टर, कपाळाला टेंगूळ, आणि चेहरा? पोरगी शर्यत जिंकून आल्यासारखा! "अरे, पडले! अंगणात! कुणी धरलं नव्हतं, एकटी चालले होते, पाण्याचा पाइप आडवा होता तो दिसला नाही, आणि धाडदिशी पडले!" हा तिला बघतोय, रडावं का ओरडावं कळेना. म्हणाला, "आई, हात मोडलाय तुझा!" तर म्हणते कशी, "मोडू दे! पडले म्हणजे उभी होते ना रे मी?"

हा बसला तिच्यापाशी.

पण हे इथं संपलं असतं तर मी तुमच्यापुढं कशाला कंठशोष केला असता? ड्रायव्हर पडला सरळ माणूस. साइटवर भरून टाकलं, रहिवासी पडले, हाड मोडलं. मी म्हटलं, "अहो, थोडं इकडं-तिकडं करायचं!" तर सायरन लागला, "पडल्या तर पडल्याच लिहिणार. काय लिहू? बसल्या?" झालं! दोनातला एक तारा गेला. उरला एक. आता साइटवर त्याच्या नावापुढं लाल खूण आहे, सावधान म्हणून. नवीन माणूस येईना, खोल्या रिकाम्या पडल्या, फटकळ बाईच्या पगाराची मारामार. आणि तिकडं? पाच! कसे आहेत? कायम!

परवाचीच गोष्ट. मी चादरी पोहोचवायला गेलो होतो, चष्मेवाला होताच. फाटकाशी एक गाडी थांबली. तरुण नवरा-बायको, आणि मागं त्यांचे वडील. गाडी थांबल्या थांबल्या वडील उतरले आणि हात मागं बांधून गाडीभोवती फेऱ्या मारायला लागले, प्रवासात पाय आखडले म्हणून. ताठ माणूस. नवरा-बायको आत आली, पोपड्यांकडे बघितलं, समोरून मावशी येत होती, कठड्याशिवाय, गळ्यात हात अडकवून. बायकोनं कळवळून विचारलं, "अगं बाई, काय झालं आजी हाताला?" आणि मावशी छाती काढून म्हणाली, "पडले!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मागं वळली.

चष्मेवाला धावला त्यांच्यामागं. फाटकात गाठून सगळं सांगितलं, खुर्ची, उशी, तो लाल दिवा, ते मोजे, ती पोटरी. हात जोडून सांगितलं हो! मी व्हॅनपाशी उभा राहून ऐकत होतो. पोरगा ऐकून घेत होता, चांगल्या घरचा दिसत होता, मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बरोबर आहे काका तुमचं. पण तारे बघा ना."

चष्मेवाल्याचे जोडलेले हात खाली आले. स्वतःचाच आवाज ओळखला असेल त्यानं.

वडील गाडीत बसले. गाडी वळून माझ्यापाशी आली, काच खाली झाली. "काका, ते दुसरं होम, काचेचं, कुठून जायचं?" वडील मागच्या काचेतून बाहेर बघत होते, रस्ता चालायला कसा आहे ते बघत असावेत.

आता मी काय करणार, तुम्हीच सांगा. रस्ता विचारला तर सांगायला नको? डावीकडे वळा म्हटलं, मग सरळ, चुकणार नाही.

…चुकले नाहीत हो. मी बघत होतो व्हॅनच्या आरशात. बरोब्बर डावीकडे वळले.